गर्दी असते, तरी इराणी बंद का पडतो? मुंबईच्या जुन्या हॉटेलांमागचं जागेचं गणित

दर वर्ष-दोन वर्षांनी मुंबईतलं एखादं जुनं हॉटेल बंद झाल्याची, नाहीतर होणार असल्याची बातमी येते. २०१४ मध्ये ग्रँट रोड स्टेशनजवळच्या, १९१४ पासून चालत आलेल्या बी. मेरवानबद्दल अशी बातमी आली आणि मावा केकसाठी रांगा लागल्या. पुढे डागडुजी होऊन दुकान पुन्हा उघडलं. २०१५ च्या मार्चअखेर जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार गेलं, ते मात्र कायमचंच. अशा प्रत्येक वेळी नव्या पिढीला, पिझ्झाला आणि मॉलला दोष देऊन होतो. मग कोणीतरी खरा प्रश्न विचारतं: हॉटेल तर कायम भरलेलं असायचं, मग परवडलं कसं नाही?

बहुतेक वेळा याचं उत्तर भाडेपावतीत सापडतं. मुंबईतली नावाजलेली हॉटेलं शंभर-शंभर वर्षं टिकली त्यात चवीचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा गोठलेल्या भाड्याचा आहे. आणि ज्या कायद्यानं त्यांना तारलं त्याच कायद्यानं त्यांचे हातही बांधून ठेवले.

## चित्रपटाचा पहिला खेळ हॉटेलात झाला

७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या प्रतिनिधीनं काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रं दाखवली. भारतातला हा पहिला चित्रपट-खेळ. तिथून पुढे या शहरात चित्रपटाचा धंदा आणि खाण्याचा धंदा एकमेकांना धरूनच वाढले. धोबी तलावचं कयानी १९०४ चं. समोर मेट्रो चित्रपटगृह १९३८ मध्ये आलं. तीन-सहा-नऊचे खेळ चालू असण्याच्या काळात थिएटरजवळच्या हॉटेलात दिवसातून तीन-चार वेळा गिऱ्हाइकांची लाट यायची. खेळ सुरू होण्याआधी अर्धा तास आणि सुटल्यावर अर्धा तास सगळी टेबलं भरलेली, मधल्या वेळात पोऱ्या टेबलं पुसत बसलेला. माणसं किती ठेवायची, पाव किती मागवायचे, दूध कधी तापवायचं हे सगळं थिएटरच्या वेळापत्रकावर ठरे. एकपडदा थिएटरं बंद पडू लागली तसा हा ठरलेला गल्लाही गेला.

पडद्यामागच्या माणसांची टेबलं वेगवेगळ्या भागांत होती. लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ थिएटरच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या. कोणता चित्रपट कोणत्या भागात किती किमतीला जाणार, याच्या वाटाघाटी तिथे आणि आसपासच्या हॉटेलांत चालत. (मलबार हिलवरचं, चौपाटीचा देखावा दाखवणारं कॅफे नाझ वेगळं. ते महापालिकेच्या जागेवर होतं आणि जागेचा करार संपला तेव्हा संपलं.) दादर-परळला रणजित, कारदार, राजकमल असे स्टुडिओ. तिथे काम मिळेल म्हणून थांबलेल्या एक्स्ट्रा कलाकारांना एका चहावर तास-दीड तास बसू देणारी जागा हवी असे, आणि ती फक्त इराणी देत असे.

संगीतवाले चर्चगेटला. वीर नरिमन रोडवरच्या हॉटेलांत रात्री जॅझ बँड वाजत. त्यातले बरेचसे वादक गोव्याचे, आणि दिवसा तेच चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला बसत. सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हा त्यांतलाच. फाळणीनंतर पंजाबी पद्धतीची वातानुकूलित रेस्टॉरंटं आली. दिल्लीच्या क्वालिटीवाल्या लांबा-घई जोडीनं १९५६ मध्ये चर्चगेटला गेलॉर्ड काढलं. शंकर-जयकिशन जोडीतले जयकिशन जवळच राहायचे आणि तिथे नेमानं यायचे. १९७१ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर महिनाभर मेणबत्ती लावून ते राखून ठेवलं होतं, असं सांगतात.

मग धंदा उत्तरेकडे सरकला. चेंबूरला आर. के. १९४८, वांद्र्याला मेहबूब १९५४, गोरेगावला चित्रनगरी १९७७, आणि पुढे अंधेरी-वर्सोव्याला निर्मात्यांच्या, कास्टिंगवाल्यांच्या कचेऱ्या. गिऱ्हाईक पंधरा-वीस किलोमीटर सरकलं. हॉटेलाला मात्र सरकता येत नव्हतं. ते का, हे कळायला आधी त्याची जागा बघू.

## नाक्यावरचं दुकान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणमधल्या यझ्द, केरमान भागातून झरतुष्ट्री लोक मुंबईत आले. त्यांनी चहाची दुकानं काढली ती बहुतेक नाक्यांवर. इथले व्यापारी नाक्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, चहाच्या धंद्याला नाका सोन्यासारखा. दोन रस्त्यांवरून गिऱ्हाईक येतं, दोन बाजूंनी उजेड-वारा येतो आणि दिवसा दिवे कमी लागतात. संगमरवरी फळीचं टेबल एका फडक्यात स्वच्छ होतं. भिंतीवरच्या मोठ्या आरशांमुळे जागा दुप्पट दिसते, शिवाय गल्ल्यावर बसलेल्या मालकाला पाठमोरं गिऱ्हाईकही दिसतं.

याच गुणांमुळे चित्रपटवाल्यांना ही हॉटेलं चित्रीकरणाला आवडतात. दोन बाजूंच्या उजेडामुळे आतला भाग जुना आणि खरा दिसतो. अडचणही तिथेच. आरशात कॅमेरा, दिवे आणि माणसं दिसतात, म्हणून आरसे झाकावे लागतात किंवा कोन बदलावा लागतो, संगमरवर चमकतो, आणि नाक्यावरचे हॉर्न आवाजात घुसतात. एका दिवसाच्या चित्रीकरणासाठी मालकाला मिळणारे पैसे त्या दिवसाच्या गल्ल्याहून चांगले असतात. पण तो दिवस दुकान बंद राहतं, सकाळचं रोजचं गिऱ्हाईक दुसरीकडे चहा पितं, आणि पुढचं चित्रीकरण कधी येईल याचा नेम नाही. यातून छताची दुरुस्ती निघते, धंदा चालत नाही.

## पागडी म्हणजे काय

या लेखातला अवघड शब्द हा एकच, तो नीट समजून घेतला की बाकीचं सोपं आहे.

१९४७ साली मुंबईत भाडे नियंत्रण कायदा आला. महायुद्ध आणि फाळणीनंतर शहरात जागेची टंचाई होती, घरमालक वाटेल ते भाडं मागत होते. कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं त्यावर गोठवलं आणि त्याला 'प्रमाणित भाडं' असं नाव दिलं. भाडं नियमित भरणाऱ्याला सहजासहजी काढता येणार नाही, अशीही तरतूद केली. मूळ उपाय तात्पुरता होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली आणि तो अर्धशतक चालला.

भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर मालकांनी जागा देतानाच एकरकमी पैसे घ्यायला सुरुवात केली. तीच पागडी. पागडी देणारा जागेचा मालक होत नाही, पण तिथे बसण्याचा हक्क त्याला मिळतो, आणि तो हक्क पुढे दुसऱ्याला विकताही येतो. लोकलमध्ये रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखं हे आहे: आसन रेल्वेचं, तिकीट किरकोळ, पण त्या आसनावर कोण बसणार हे रुमालवाला ठरवतो. फरक इतकाच की इथे जागा दुसऱ्याला देताना घरमालकाची संमती लागते आणि तिच्यासाठी तो हिस्सा मागतो. प्रथेनं हा हिस्सा साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असतो, बाकी ज्याच्या-त्याच्या घासाघिशीवर.

जुन्या कायद्यात हा व्यवहार गुन्हा होता, म्हणून तो रोखीत चाले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भाडं असं गोठवून ठेवणं अवाजवी ठरवलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं दोन मोठे बदल केले. भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करता येऊ लागली, आणि पागडीचा व्यवहार कायदेशीर झाला. मात्र ४ टक्के कशावर, ते बघा. २००० साली भाडं २०० रुपये असेल, तर चक्रवाढीनं धरलं तरी २५ वर्षांत ते ५३३ रुपयांपर्यंतच पोचतं. महापालिकेचे कर आणि इमारत दुरुस्तीचा उपकर वेगळे. कित्येक पावत्यांवर ते मूळ भाड्याहून जास्त असतात.

सगळीच जुनी हॉटेलं पागडीवर नाहीत. काही संस्थेच्या किंवा महापालिकेच्या जागेत करारावर होती. समोवार १९६४ पासून आर्ट गॅलरीच्या आवारात होतं. गॅलरीशी चाललेला वाद न्यायालयात संपला तेव्हा त्याला जागा सोडावी लागली. ५० वर्षं कटलेट आणि पकोडे खाऊ घातल्यानं जागेवर हक्क तयार होत नाही. पावती कोणत्या प्रकारची, यावर सगळं ठरतं.

## "पण गर्दी असते ना!"

असते. पण गर्दी किती पुरते, हे एका काल्पनिक हिशेबानं पाहू. समजा हॉटेल १,५०० चौरस फुटांचं, ६० खुर्च्यांचं आहे. पागडी नाही, बाजारभावानं भाडं द्यायचं आहे: चौरस फुटाला महिना ३०० रुपये धरू. महिन्याचे साडेचार लाख झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८१ हजार. रेस्टॉरंटांना ५ टक्क्यांच्या जीएसटीत भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे हे ८१ हजार खिशातूनच जातात. एकूण ५ लाख ३१ हजार, म्हणजे रोजचे १७,७०० रुपये.

भाडं विक्रीच्या साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की हॉटेल धापा टाकू लागतं. म्हणजे रोजची विक्री १ लाख १८ हजार हवी. चहा आणि बनमस्का मिळून माणशी ८० रुपये धरले तर रोज १,४७५ माणसं. ६० खुर्च्यांत ती बसवायची तर प्रत्येक खुर्ची दिवसातून जवळजवळ २५ वेळा भरली पाहिजे. बारा तास हॉटेल उघडं असेल तर एका माणसाच्या वाट्याला २९ मिनिटं येतात, तीही सकाळी दार उघडल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत एकही खुर्ची रिकामी न राहता.

इराण्याकडे लोक येतात ते नेमके वर्तमानपत्र पसरून तासभर बसायला. 'पानी कम' (कमी पाण्याच्या, दाट) चहाची ती चैन मालकाच्या दिलदारपणातून आली हे खरं, पण तो दिलदारपणा २०० रुपये भाड्यानं शक्य केला होता. खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक महाग पडू लागलं की भिंतीवर 'जास्त वेळ बसू नये' अशी पाटी लागते.

अंधेरी-वर्सोव्याच्या नव्या कॅफेंचं आयुष्य कमी का, हेही इथेच कळतं. ते लीव्ह अँड लायसन्सवर असतात, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायचा परवाना. मुदत तीन-पाच वर्षं, दरवर्षी वाढ, आणि मुदत संपली की मालक नवा भाव सांगतो. तिथे पटकथा लिहीत बसणाऱ्या लेखकाकडून मालक कॉफीचे चौपट पैसे का घेतो, तर तो खुर्चीचं भाडं घेत असतो. अशा जागेत जुनं नाव तयार व्हायला जितकी वर्षं लागतात तितकी मुदतच मिळत नाही.

## "भाडं नाममात्र आहे, मग बंद तरी का करतात?"

कारण चालवण्यातून मिळणाऱ्या पैशापेक्षा सोडून देण्यातून मिळणारा पैसा कितीतरी जास्त असतो. दक्षिण मुंबईतल्या नाक्याच्या जागेच्या हक्काची किंमत कोटींत जाते. मालकाचा हिस्सा देऊनही जी रक्कम हातात पडते, ती चहा विकून मिळवायला दोन पिढ्या लागतील. हे लोभीपणाचं लक्षण म्हणण्यात अर्थ नाही. पहाटे चारला उठून दुधाचे कॅन मोजणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला असा हिशेब करायचा अधिकार आहे.

दुसरं कारण भागीदारी. पुष्कळ इराणी हॉटेलं तीन-चार भागीदारांनी काढली. तिसऱ्या पिढीत चौघांचे पंधरा-सोळा वारस होतात, त्यातले निम्मे परदेशात. एकाला बाहेर पडायचं असेल तर बाकीच्यांनी त्याचा हिस्सा विकत घ्यायचा, पण हिस्सा कशाचा? धंद्याच्या नफ्यातला वाटा थोडा, जागेच्या किमतीतला प्रचंड. चालवणारा नफ्यावर मोजतो, बाहेर पडणारा जागेवर. दोन आकड्यांमधलं अंतर भरून निघत नाही आणि शेवटी सगळंच विकलं जातं.

मग दुसऱ्याला चालवायला का देत नाहीत? देतात. मुंबईत याला कंडक्टिंग म्हणतात: परवाने आणि पावती जुन्या मालकाच्या नावावर, धंदा दुसरा करतो, महिन्याला ठरलेली रक्कम देतो. यात फसगत अशी की भाडेकरूनं जागेवरचा ताबा पूर्ण सोडला तर न्यायालय त्याला पोटभाडेकरू ठेवणं मानतं, आणि घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे जागा खाली करून घेण्याचं कायदेशीर कारण आहे. खरा भागीदार घेतला आणि मूळ भाडेकरू स्वतः धंद्यात राहिला तर चालतं. कागदावर भागीदारी आणि प्रत्यक्षात मालक दुसऱ्या देशात, हे चालत नाही.

असे आणखी सापळे आहेत. व्यवसायाची जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही तर घरमालक ताब्यासाठी दावा लावू शकतो. त्यामुळे 'सध्या बंद ठेवू, मुलगा शिकून आला की बघू' हा पर्याय धोक्याचा ठरतो. संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तरीही दावा. वर नवा पक्का पोटमाळा घातला तर तोही त्यात येऊ शकतो. म्हणून कित्येक जुन्या हॉटेलांत काहीच बदललेलं दिसत नाही. येणाऱ्याला तो जुनेपणा जपलेला वाटतो. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर पुष्कळदा हात लावायची भीती असते.

वारसाहक्काचाही नियम माहीत असावा. भाडेकरू वारल्यावर व्यवसायाच्या जागेत हक्क जातो तो त्याच्यासोबत तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे. असा कोणी नसेल तर वारस कोण हे न्यायालयाला ठरवावं लागू शकतं. वडील हयात असतानाच मुलीचं किंवा मुलाचं नाव भागीदारीत, दुकानाच्या नोंदणीत आणि अन्न परवान्यात आलं असेल तर पुढची दहा वर्षं वाचतात.

## दारूबंदीनं काय केलं

हा भाग थोडक्यात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं पिण्यासाठी वैयक्तिक परवाना सक्तीचा केला. चर्चगेटच्या बँडवाल्या हॉटेलांना तेव्हा संगीत आणि जेवण यांवरच भागवावं लागलं. पुढे बंदी सैल होत गेली आणि 'परमिट रूम' आली: परवानाधारकानं बसून प्यायची वेगळी खोली. परवान्याचा नियम आजही कागदावर आहे, आणि राज्यात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे.

हॉटेलाच्या गणितात परमिट रूमचा अर्थ सोपा. त्याच खुर्चीवर, त्याच वेळात, बनमस्क्याच्या कितीतरी पट बिल होतं. म्हणून अनेक इराण्यांनी अर्धा हॉल बिअरला दिला. १८७१ चं लिओपोल्ड आणि १९३२ चं माँडेगार कुलाब्यात आज ज्या रूपात दिसतात त्यात बिअरच्या ग्लासाचा मोठा वाटा आहे. काहींना ते धर्मानं, काहींना स्वभावानं नको होतं. त्यांना खारी आणि मस्का यांवरच तगायचं होतं.

## "सरकारनं वारसा म्हणून जपावं"

ही मागणी दर वेळी होते. अडचण अशी की मुंबईचे वारसा नियम, जे १९९५ पासून आहेत, इमारतीला संरक्षण देतात. तिच्या तळमजल्यावर काय शिजतं याला देत नाहीत. दर्शनी भाग, कमानी, लाकडी जिना जपला जाईल. आत बनमस्क्याऐवजी चपला विकल्या तरी नियम मोडत नाही.

आणि इमारतीचंही संरक्षण कितपत? पहिला चित्रपट-खेळ ज्या वॉटसन हॉटेलात झाला, ती इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन झाली. वारसा यादीत असूनही ती इतकी खिळखिळी झाली की २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं रिकामी करावी लागली. भाडं काही शे रुपये असताना ओतीव लोखंडी सांगाड्याची दुरुस्ती घरमालक स्वतःच्या खिशातून करेल, ही अपेक्षाच चुकीची होती. हीच गोष्ट पागडीच्या शेकडो इमारतींची. हॉटेलवाल्याला स्वस्त जागा मिळाली त्याची किंमत वरच्या मजल्याच्या गळक्या छतानं आणि टेकू लावलेल्या तुळयांनी चुकवली.

## इमारत पाडून नवी झाली तर हॉटेलाला काय मिळतं?

३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, दुरुस्ती उपकर भरणाऱ्या इमारतींच्या पुनर्विकासात व्यावसायिक भाडेकरूला आधी होती तितकीच वापरायची जागा मिळते. ऐकायला ठीक वाटतं. हॉटेलाचं नुकसान बारीकसारीक गोष्टींत होतं.

पोटमाळा, ज्यावर वाढपी झोपतात आणि पिठाची पोती राहतात, तो पावतीवर नसेल तर मोजणीत येत नाही. रस्त्यावरचा ओटा तर नाहीच. नाक्याची दोन तोंडं जाऊन पोडियमखाली, म्हणजे गाड्या लावायच्या मजल्यांखाली, एकच तोंड मिळू शकतं. सगळ्यात महागात पडणारी चूक धुराड्याची. भटारखान्याचा धूर गच्चीपर्यंत नेणारी नळी इमारतीच्या नकाशातच असावी लागते. ती नंतर घालायची म्हटलं तर वरच्या सगळ्या मजल्यांवरचे रहिवासी हरकत घेतात, आणि ती योग्यच असते. धुराडं नाही तर अग्निशमन दलाचं ना हरकत पत्र नाही, म्हणजे स्वयंपाक नाही. करारनाम्यात म्हणून चौरस फुटांसोबत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: दर्शनी लांबी, धुराड्याची जागा, गॅस आणि विजेचा भार, आणि 'उपाहारगृह' हा वापर.

शिवाय मधली वर्षं. बांधकाम चार-पाच वर्षं लांबलं की आचारी दुसरीकडे रुजू होतात, रोजचं गिऱ्हाईक सवय बदलतं. विकासक त्या काळाचं भाडं देतो, गिऱ्हाईक देत नाही.

## लाकडाच्या भट्टीचा नवा पेच

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात बेकऱ्या आणि हॉटेलांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर यायला सहा महिन्यांची मुदत दिली. हवेच्या दृष्टीनं आदेश बरोबर आहे. भंगार फर्निचरचं, रंग आणि डिंक लागलेलं लाकूड जाळणाऱ्या भट्टीशेजारी कोणालाही राहायला आवडणार नाही.

पण बदल म्हणजे नुसता बर्नर बसवणं नव्हे. विटांची भट्टी एकदा तापली की तासन्‌तास उष्णता धरून ठेवते, आणि ती उतरत जाते तसा माल बदलतो: सुरुवातीच्या कडक आचेवर ब्रून (कडक कवचाचा पाव) आणि साधा पाव, मग मंदावत जाणाऱ्या आचेवर खारी, नानकटाई, टोस्ट. गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनमध्ये आच एकसारखी राहते, त्यामुळे प्रत्येक मालाचं तापमान आणि वेळ नव्यानं बसवावी लागते. ब्रूनला कडक कवच हवं असेल तर दगडी तळाचा ओव्हन घ्यावा लागतो, पत्र्याच्या ट्रेवर ते जमत नाही. मोठा ओव्हन विजेवर चालवायचा तर वाढीव भार मंजूर व्हायला हवा, जुन्या इमारतीची वायरिंग बदलायला हवी, आणि त्यासाठी कोणाची संमती लागते? घरमालकाची. आणि तो तर इमारत रिकामी होण्याची वाट बघत असतो.

## जी टिकली ती कशी टिकली

चवीचा दर्जा सगळ्यांकडेच होता, तेव्हा तो बाजूला ठेवू. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, १९२३ चं, यानं चहापेक्षा जेवणावर भर दिला. बेरी पुलाव हा एक पदार्थ नावारूपाला आणला आणि फक्त दुपारची वेळ धरली. आसपास कचेऱ्या, संध्याकाळी सगळा भाग ओस, मग रात्रीचं वीजबिल आणि पगार कशाला? एका पाळीत, मोजक्या पदार्थांत, माणशी बिल चहापेक्षा कितीतरी पट.

माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांनी उलट वाट धरली. ए. रामा नायक यांची श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ ची. तिथे भाव कमी आणि फेरे जास्त. कूपन आधी घ्यायचं, केळीच्या पानावर वाढप सुरू, जेवण झालं की पान उचललं आणि पुढचा बसला. टेबलावर रेंगाळायची सोयच नाही, त्यामुळे खुर्ची २५ वेळा भरण्याचं जे गणित इराण्याला जमत नाही ते इथे बऱ्यापैकी जमतं. दादरला १९१० पासून असलेल्या मामा काण्यांकडचा बटाटेवडा याच जातीचा: पटकन तळायचा, पटकन खायचा, निघायचं.

गिरणगावच्या खाणावळींना यातलं काहीच कामाला आलं नाही. त्यांचं गिऱ्हाईक महिन्याच्या हिशेबानं जेवणारा गिरणी कामगार होता. १९८२ च्या संपानंतर तो गावी गेला आणि महिन्याचा हिशेबच संपला. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं, म्हणून त्यांच्यापैकी काहींना मोठ्या स्वयंपाकाच्या ऑर्डरींकडे वळता आलं. जागा सुटली तरी हातातलं काम राहिलं.

इराण्याची जागा आणि इराण्याचं काम असे वेगळे करायचा प्रयोगही झाला, पण लंडनमध्ये. २०१० मध्ये तिथे डिशूम नावाचं हॉटेल मुंबईच्या इराणी कॅफेच्या धर्तीवर निघालं आणि त्याच्या पुढे शाखा झाल्या. तिथे जुनी लाकडी खुर्ची आहे, आरसे आहेत, चहाही आहे, आणि भाडं पहिल्या दिवसापासून बाजारभावाचं, म्हणून पदार्थांचे भावही त्याच हिशेबाचे. मुंबईत कोणी तसंच नव्यानं काढायचं म्हटलं तर त्यालाही चहा ३० रुपयांना देता येणार नाही.